बटाट्याचा दुसरा वसंत

लॅपवायच्या खोऱ्यात लोक अस्वलाला भीत नसत, एवढे रोझेलाच्या नियमाला भीत. दुसऱ्या वसंतापर्यंत ज्या शिंगराच्या अंगावर फाटकातून दिसेल असा एक तरी ठिपका उठला नाही, ते खच्ची करायचं. बीजाचा घोडा म्हणून ठेवायचं नाही, मग ते कितीही गोजिरं असो. नियम तिच्या आजोबांचा. पण आजोबा नियम सांगून विसरून जात. रोझेला विसरत नसे. अरबी घोडा आणि आपली ठिपकेवाली घोडी यांचा मेळ घालण्यात तिची तीस वर्षं गेली होती, आणि या तीस वर्षांत तिने खोऱ्यातल्या निम्म्या लोकांना त्यांचे लाडके घोडे खच्ची करायला लावले होते. तिच्या चुलतभावाचा, डेलमारचा ड्यूक त्यातलाच.

म्हणूनच तिच्या स्वतःच्याच शिंगराला खच्ची करायचं ठरलं, त्या गुरुवारी सकाळी डेलमार न बोलावता हजर झाला. पिकअप फाटकासमोर आडवी लावली, काच खाली केली आणि मांडीवर हकलबेरीचा, त्या जांभळ्या रानफळाचा, मुरंबा लावलेला तळलेला पाव घेऊन नाटक बघायला बसावं तसा बसला.

"कुठाय तुझा बटाटा?" त्याने विचारलं.

बटाटा हे नाव त्यानेच ठेवलं होतं. शिंगरू जन्मलं ते शेतातून नुकतं उपटल्यासारखं: तपकिरी, धुळकट, एक ठिपका नाही. चेहरा मात्र बापाचा, अरबी, बशीसारखा आत वळलेला. शेपूट ध्वजासारखी वर. दोन वर्षं झाली तरी रंग तोच. त्यात यंदा हिवाळा हलायचं नाव घेईना, त्यामुळे त्याच्या अंगावरची लव अस्वलासारखी दाट राहिली होती. रोझेलाने मार्चमध्ये खांद्यावर तळहाताएवढी लव कापून पाहिली होती. खालीही तपकिरीच. मागच्या अंगाला हात लावू म्हणावं तर तो लाथ झाडी. दोन खरारे आणि एक बादली त्याने तबेल्याच्या छपरावर पोचवली होती.

"ताई, तोंड का पडलंय?" डेलमार म्हणाला. "ड्यूकच्या वेळी तर शिट्टी वाजवत होतीस."

रोझेलाने कुंपणाकडे पाहिलं. बटाट्याचा बाप मागच्या उन्हाळ्यात पोटशूळाने गेला होता. आई, आजोबांच्या कळपातली शेवटची ठिपकेवाली घोडी, आता म्हातारी होऊन कुंपणाला टेकून उभी असे. या शिंगरावर सुरी चालली की आजोबांपासून आलेला तो धागा तिथेच तुटणार होता. आणि नाही चालवली, तर खोऱ्यातल्या प्रत्येक दारात तिला मान खाली घालून जावं लागणार होतं.

जनावरांच्या डॉक्टर लिंडक्विस्टबाईंनी गुंगीची सुई भरली. औषधाचा वास बटाट्याच्या नाकात गेला असावा. त्याने एकदा आईकडे पाहिलं, एकदा सुईकडे पाहिलं, आणि जागच्या जागी उडाला.

पुढचं मी सांगतो ते तुम्हाला पटणार नाही. पण डेलमारला विचारा, तो गाडीत होता. बटाट्याने फाटक ओलांडलं, आणि त्याच उडीत पिकअपही ओलांडली. डेलमारच्या हातातला पाव त्या वाऱ्याने उलटा झाला आणि मुरंबा टोपीला लागला. मग बटाटा टेकडी चढू लागला. ती टेकडी शेळ्यासुद्धा थांबत थांबत चढतात. हा सरळ वर गेला, जणू टेकडीच खाली सरकत होती. ओढा आला, त्याने ओढा पाहिलाही नाही. माथ्यावर पोचला, आभाळाला पाठ लावून पळाला, आणि त्याच्या मागे तपकिरी धूर निघावा तशी लव उडू लागली. पाकोळ्यांचा थवा आला नि घरट्यांसाठी ती हवेतल्या हवेत वेचू लागला.

"अगं बाई," डॉक्टरीण पुटपुटल्या. सुई त्यांच्या हातात तशीच वर धरलेली.

सगळी डोंगररांग फिरून, चहा उकळायला लागेल तेवढ्या वेळात बटाटा परत आला. कोणी हाक मारली नव्हती. फाटकावरून आत उडी मारली आणि आईशेजारी जाऊन उभा राहिला. डॉक्टरांनी त्याच्या छातीला ठोके मोजायची नळी लावली. घड्याळ पाहिलं. पुन्हा लावली.

"मिनिटाला चाळीस. हा पळून आलाय की झोपून उठलाय? नळीच बिघडली वाटतं." त्यांनी तीच नळी डेलमारच्या छातीला लावली. "एकशे वीस. नळी ठीक आहे."

रोझेला घोड्याकडे बघत राहिली. तीस वर्षं ती ठिपके मोजत आली होती. असं काळीज तिने कधी मोजलंच नव्हतं. ड्यूकही तरुणपणी असाच टेकडी चढत असे, हे तिला आत्ता आठवलं.

"डॉक्टर, सुरी आत ठेवा," ती म्हणाली.

"आणि नियम?" डेलमार गाडीतून उतरला.

"मोडला. मीच मोडला. जाऊन साऱ्या खोऱ्यात सांग." ती त्याच्याकडे वळली. "ड्यूकच्या बाबतीत माझं चुकलं, डेलमार. मी फक्त कातडं पाहिलं. माफ कर."

डेलमारने पंचवीस वर्षं या वाक्याची वाट पाहिली होती. त्याने टोपीवरचा मुरंबा बोटाने पुसला आणि चाटला.

रोझेला बटाट्याजवळ गेली. हात मानेवरून पाठीवर, पाठीवरून मागच्या अंगाकडे सरकला. या वेळी लाथ आली नाही. घामाने सुटलेली लव मूठभर हातात आली, आणि खाली पांढरं दिसलं. तिने दुसरी मूठ ओढली. पांढऱ्यावर काळा ठिपका, अंड्याएवढा. मग वारा आला. खोऱ्यातला तो वारा, गव्हाची अख्खी टेकडी एका बाजूला झोपवणारा. त्याने उरलेलं काम स्वतःच केलं. लव उडत गेली आणि ठिपके उजाडत गेले, एक, सात, मग मोजता येईनात इतके, जणू बर्फावरून कोणी नुकतंच चालत गेलंय आणि अजून चालतंय. म्हातारी घोडी वळली आणि लेकराला हुंगू लागली. तिच्या अंगावर तेच ठिपके होते, त्याच जागी.

डेलमारने टोपी काढली. चर्चमध्येही तो ती काढत नसे.

"म्हणजे नियम मोडलाच नाहीस तू," तो हळूच म्हणाला. "फाटकातून काय, नदीपलीकडून दिसतील. माफी परत घेणार असशील आता."

"ठेव तुझ्याकडे," रोझेला म्हणाली. तिचे डोळे घोड्यावरून हलले नव्हते. "आणि उद्या तुझ्या म्हाताऱ्या ड्यूकला घेऊन ये. या पोराला टेकडी कशी उतरायची ते कोणीतरी शिकवायला हवं. चढायची तर त्याला येते."

त्या वर्षी लॅपवायच्या प्रत्येक तबेल्यात पाकोळ्यांची घरटी तपकिरी होती.