पिशवीचं दुखणं

विजयमाला आजारी आहे असं कोणी म्हटलं असतं, तर आसेगावच्या बाजूच्या त्या गावात लोक हसले असते. बाई पहाटे उठून शेण काढते, भाकरी थापते, तूर सोंगायला सगळ्यांच्या पुढं असते. आजारी माणूस कसा, खाटेवर पडलेला पाहिजे, कण्हत पाहिजे, म्हणजे लोकांची खात्री पटते. चालत्या-फिरत्या बाईला कोण विचारतं?

पण आतून बाई पार रिकामी झाली होती. दिवाळीपासून झोप उडाली होती. घास तोंडात नुसता फिरायचा. पोरगी संस्कृती दहावीला होती, शाळेतून येऊन काहीबाही सांगायची, तर आईला तिचे ओठ हललेले दिसत आणि बोलणं डोक्यात शिरत नसे. विहिरीवर गेली की विजयमाला मोटर चालू करून लगेच मागं फिरायची. आधी काठाची भीती वाटायची. आता ती वाटेनाशी झाली होती, आणि तेच तिला हादरवून गेलं होतं.

कारण ही वाट तिच्या ओळखीची होती. अनसिंगला माहेरी तिची आई अशीच खंगत गेली. तीही कामाला वाघ, तीही चालती-फिरती. पोळ्याच्या आदल्या दिवशी पुरणाची डाळ निवडून ठेवली, घराबाहेर पडली, ती परत आलीच नाही. लोक म्हणाले, काल तर चांगली होती. विजयमाला तेव्हा संस्कृतीएवढी होती, आणि तिला पक्कं माहीत होतं की आई काल चांगली नव्हती, वर्षभर नव्हती.

गावातल्या आरोग्य उपकेंद्राच्या भिंतीवर सरकारनं रंगवून ठेवलं होतं. झोप उडाली, मन खचलं, जगणं नकोसं झालं तर उशीर करू नका, वाशीमला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात या. विजयमाला जाता-येता ते वाचायची. उशीर करू नका हे बरोबर आहे हो, पण घरातून काय सांगून निघायचं, ते काही भिंतीवर लिहिलेलं नव्हतं.

तिनं आधी खरं सांगून पाहिलं. नवरा रामकिसन जेवायला बसला होता.

“मले बरं नाई वाटत,” ती म्हणाली.

“ताप हाय काय?”

“नाई.”

“मंग?”

“कशातच जीव लागत नाई. मनाले कसंतरीच होऊन राह्यलं.”

रामकिसन वाईट माणूस नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. दारू नाही, हात उगारणं नाही. पण मनाला काही होतं म्हणजे कोणीतरी काहीतरी बोललं असणार, यापुढं त्याची अक्कल जात नव्हती. त्यानं आईकडं वळून विचारलं, “तू इले काई बोलली काय वं?”

झालं! गोकर्णाबाई भरल्या ताटावरून उठली. ती विजयमालाची नुसती सासू नव्हती, सख्खी आत्या होती. भावाची पोरगी तिनं हौसेनं सून करून आणली होती. तिला ते फारच लागलं. बकऱ्या सोडून ती रोजच्यासारखी नाल्याकडं निघून गेली आणि पुढं कितीतरी दिवस सुनेशी धड बोलली नाही. विजयमालानं कानाला खडा लावला.

मग तिनं ती चूक केली, जी आपल्याकडच्या बाया पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत. डोकं दुखलं तर बाम लाव, कंबर दुखली तर वाकू नको, असं म्हणून आपली माणसं मोकळी होतात. पण बाईनं गर्भपिशवीचं नाव काढलं की पुरुष माना खाली घालतात, पुढं कोणी काही विचारत नाही आणि गाडी थेट दवाखान्याकडं निघते. म्हणून एका सकाळी चुलीपुढं बसून ती म्हणाली, “मले पिशवीचा तरास होऊन राह्यला.” तिच्या मनात साधं होतं. एकदा डॉक्टरपुढं बसले की त्याला खरं सांगीन, तोच म्हणेल वाशीमला जा.

रामकिसननं त्याच दिवशी मोटरसायकल काढली.

खाजगी दवाखान्यात बायांची ही रांग लागलेली. डॉक्टरनं मान काही वर केली नाही. कंबर दुखते का, पांढरं जातं का, लेकरं झाली ना? विजयमालानं बोलायला तोंड उघडलं, तर शेजारी रामकिसन उभा, पडद्याजवळ नर्स उभी, आणि मागं पुढची बाई आत शिरलेली. “झोप...” एवढंच ती म्हणू शकली. “लागेल, लागेल,” डॉक्टर म्हणाला. सोनोग्राफी झाली. पिशवीला सूज आहे, आता ठेवून उपयोग काय, काढून टाका. रामकिसननं मान डोलावली. विजयमालानंही डोलावली. काय करती बिचारी? तिनं सांगितलेलं खोटं छापील रिपोर्ट होऊन तिच्याच हातात आलं होतं.

ऑपरेशनची तारीख ठरली तशा बाया भेटायला येऊ लागल्या. बिस्किटाचा पुडा पुढं ठेवायचा आणि आपापल्या पिशवीची कथा सांगायची. “काई नसते वं, भूल देतेत, आपल्याले मालूमच पडत नाई.” एरवी ज्यांनी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलंही नव्हतं, त्या तिचा हात हातात घेऊन बसत. तिला रडू फुटे. बायांना वाटे, ऑपरेशनला भिते.

सगळ्यात वाईट म्हणजे तिला त्या दिवसाची ओढ लागली. भूल देतील, म्हणजे झोप तर लागेल. तूर सोंगताना ती हेच मनात घोळवत होती, आणि घोळवता घोळवता मन हळूच पुढं सरकलं. भुलीतून उठलेच नाही तर? तर बरंच होईल. कोणाला बोल नाही, ऑपरेशनमध्ये गेली म्हणतील. हातातला विळा तसाच राहिला. हे कोण बोललं? तीच बोलली होती. बरं व्हायला म्हणून घरातून वाट काढली होती, आणि त्याच वाटेवर ती मरायला जागा शोधत होती. डाळ निवडून ठेवणारी बाई आता तीच होती.

हे कोणाला सांगायचं? रामकिसन रिपोर्टची पिशवी खुंटीला लावून निश्चिंत झाला होता. पोरीला सांगणं शक्य नव्हतं. असंच करता करता ठरलेला दिवस उजाडला.

दवाखान्यात तिला सकाळीच भरती केलं, हिरवा गाऊन घालायला दिला. रामकिसन खाली औषधं आणायला गेला. खाटेशी गोकर्णाबाई मांडीवर डबा घेऊन बसली होती. तिचीही पिशवी याच वयात काढलेली.

“आत्या,” विजयमाला म्हणाली, “माही पिशवी नाई दुखत.”

गोकर्णाबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

“कवाच नाई दुखली. मी लबाड बोलली. मले झोप येत नाई, आत्या. मले जगावंच नाई वाटत. माह्या मायले झालं होतं, तसं होऊन राह्यलं. आज भुलीतून उठली नाई त बरं होईन, असं वाटते मले. वाशीमले मनाचा डॉक्टर बसते म्हन्तेत. मी हाय तवर न्या मले तथी.”

एवढं सलग ती जन्मात बोलली नव्हती. आता सासू ओरडेल, म्हणून ती वाट पाहत राहिली. गोकर्णाबाईनं डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

“मीबी लबाडच बोलली होती,” ती म्हणाली.

विजयमालाला आधी समजलंच नाही.

“रामकिसनच्या पाठची पोरगी गेली, अन् माह्यं रडनंच थांबे ना. सासू म्हने, किती दिवस तमाशा करतं? मंग मी पिशवीचं सांगतलं. काढली पिशवी. सारं गाव भेटून गेलं.” ती थांबली. “पिशवी गेली, ते नाई गेलं. मी रोज नाल्यात जाऊन बसते अन् रडते. तुले का वाटलं, मले बकऱ्यायचा लय शौक हाय?”

लग्न होऊन आल्यापासून विजयमाला या बाईला बकऱ्या घेऊन जाताना पाहत होती.

“तुह्या मायच्या मातीले आली, तवाच मले सारं समजलं होतं,” गोकर्णाबाई म्हणाली. “बोलली नाई मी. कोन्या तोंडानं बोलू?”

नर्स सुई घेऊन आली. गोकर्णाबाईनं तिचा हात बाजूला सारला. “नाई कराचं आमाले,” ती म्हणाली. नर्स डॉक्टरला बोलवायला धावली, आणि तेवढ्यात औषधांचा पुडा घेऊन रामकिसन आत आला.

“सामान उचल,” आई त्याला म्हणाली. “वाशीमले जाचं हाय. मनाच्या डॉक्टरकडं.”

“पागलच्या डॉक्टरकडं?” त्याचा आवाज आपोआप खाली गेला. “कोनी पाह्यलं त? उद्या संस्कृतीले सोयरीक येईन काय?”

“तुही मामी, इची माय गेली, तवा जीपा भरभरून लोकं आले होते मातीले. तवा नाई पडली कोनाले सोयरिकीची. इच्या मातीले बोलावतं काय लोकायले?”

रामकिसन खाटेच्या कडेवर बसला. बायकोकडं त्यानं नीट पाहिलं, बहुतेक दिवाळीनंतर पहिल्यांदाच.

“तुले तसं वाटते?”

तिनं मान डोलावली.

“मंग मले काहून नाई सांगतलं?”

“सांगतलं होतं,” विजयमाला म्हणाली.

डॉक्टर येऊन रागावला, जबाबदारी तुमची म्हणाला, सही घेतली. रामकिसननं मुकाट्यानं सही केली आणि बायकोची चप्पल शोधून तिच्या पायाशी ठेवली. तिनं गाऊन उतरवून लुगडं नेसलं, पदर गोकर्णाबाईनंच सारखा केला. एसटीत विजयमाला खिडकीशी बसली. बरं होईल की नाही, तिला ठाऊक नव्हतं.

वाशीमला सरकारी दवाखान्यात चिठ्ठीच्या खिडकीपुढं गर्दी होती. रामकिसनचा नंबर आला. आतल्या माणसानं विचारलं, कशाची चिठ्ठी? रामकिसननं मागं-पुढं पाहिलं, रांगेत कोणी गावचं आहे का ते पाहिलं, आणि खिडकीत तोंड घालून कुजबुजला. “मोठ्यानं बोला,” आतला माणूस म्हणाला.

“मनाच्या डॉक्टरची,” मागून गोकर्णाबाई बोलली. साऱ्या रांगेनं वळून पाहिलं. तिनं सुनेचा हात घट्ट धरला होता. “दोन काढ, रामकिसन. एक इची, अन् एक माही.”

रामकिसन आईकडं पाहत राहिला. मग त्यानं खिडकीकडं तोंड केलं आणि दोन्ही नावं मोठ्यानं सांगितली. दुपार कलायला लागली होती, पण गोकर्णाबाईला घरी परतायची घाई नव्हती. बकऱ्या आज दावणीलाच होत्या.