चाळीस शब्दांची उजळणी

माझा मुलगा लहानपणी माझ्याच वर्गात होता आणि वर्गात सगळ्यांत ढ तोच होता. मास्तरांचाच मुलगा ढ, यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांची बरीच करमणूक व्हायची. सातचा पाढा आला की तो खिडकीबाहेर बघायला लागे. बाकीच्या मुलांना मी एकच गोष्ट चार-चार वेळा समजावून सांगायचो, त्याच्यावर मात्र दुसऱ्याच वेळी आवाज चढायचा. घरचं पोर ना. बाराव्या वर्षी फुटबॉलच्या प्रशिक्षण केंद्राने त्याला वसतिगृहात नेलं आणि तो माझ्या हाताखालून सुटला. पुढची एकवीस वर्षं मी त्याला काहीच शिकवलं नाही.

गेल्या हंगामाच्या सुरुवातीला एका सकाळी तो माझ्या खोलीत आला, दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, माझ्याकडून थोडं पाठांतर करून घ्याल का?"

तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. दारातून आत येताना मान वाकवावी लागेल एवढा उंच. संघाच्या बचावफळीत मधोमध उभा राहायचा आणि उंचावरून येणारा प्रत्येक चेंडू डोक्याने परतवून लावायचा. प्रेक्षक त्याला 'खांब' म्हणत. त्याची आई गेल्यापासून मी त्याच्याकडे, सूनबाईच्या हाताखाली राहत होतो.

त्याने टेबलावर चार कागद ठेवले. प्रत्येकावर दहा शब्द. सुई, घोडा, दार, लोणी, ढग, चावी, कोट, पूल, आरसा, मीठ. दुसऱ्यावर आणखी दहा. अक्षर त्याचं नव्हतं, आणि घड्यांवर कागद झिजले होते.

कशासाठी, ते त्यानेच सांगितलं. खेळताना कुणाच्या डोक्याला मार बसला की संघाचे डॉक्टर त्याची परीक्षा घेतात. दहा शब्द वाचून दाखवतात, ते परत म्हणायचे. महिने उलटे म्हणायचे. एका रेषेवर टाचेला पाऊल लावून चालायचं. मग इकडचं तिकडचं बोलून झालं की तेच दहा शब्द पुन्हा विचारतात. मेंदू दुखावला असेल तर शब्द निसटतात. नापास झाला की निदान तीन आठवडे बाहेर. डॉक्टरांकडे असे चार कागद होते आणि ते ठरल्या क्रमाने वापरायचे. ते चारही कागद कुणीतरी कधीतरी उतरवून घेतले होते. ड्रेसिंग रूममध्ये सगळ्यांकडे आहेत, तो म्हणाला.

पेपर फुटला होता, थोडक्यात. अंगठ्याएवढी चिठ्ठी सापडली म्हणून मी मुलांना वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. ते कागद मी तिथल्या तिथे फाडायला हवे होते. मी चष्मा लावला आणि त्याला म्हणालो, "बस."

का म्हणालो, ते लपवत नाही. माझा मुलगा आपणहून माझ्यापुढे शिकायला बसला होता.

रोज सकाळी न्याहारी झाली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर आमची शाळा भरायची. नुसती घोकंपट्टी टिकत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी त्याला शब्दांची गोष्ट करायला शिकवलं. एक शिंपी सुई घेऊन घोड्यावर बसला, घोडा दारात अडला, दाराला कुणीतरी लोणी फासलं होतं. तो हसायचा आणि लगेच पुढचं म्हणायचा. पंधरा दिवसांत चाळीसच्या चाळीस शब्द त्याला सुलटे-उलटे येऊ लागले. सूनबाई औषधांच्या दुकानात कामाला जायची. निघताना ती म्हणायची, "बाबा, गृहपाठपण द्या हो त्याला. तेवढाच घरी बसेल." स्मरणशक्तीचा व्यायाम चाललाय, असं त्याने तिला सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती.

आमच्या लीगचा हिशेब सोपा आहे. अठरा संघ. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा घरी आणि एकदा त्यांच्या गावी. म्हणजे चौतीस सामने. शेवटी जे दोन संघ तळाला राहतील ते खालच्या लीगमध्ये. खाली गेलेला संघ वर यायला कधी एक वर्ष लागतं, कधी वीस. आमचा संघ सुरुवातीपासून चौदाव्या-पंधराव्या जागेवर लोंबकळत होता.

नवव्या सामन्यात त्याच्या कानशिलाला कोपर लागलं. दोन दिवसांनी परीक्षा झाली. घरी आला तो हात वर करूनच. दहापैकी दहा. शाळेत असताना त्याने असा निकाल कधी आणला नव्हता. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि वर म्हणालो, पुढच्या वेळी एखादा शब्द मुद्दाम सोड, दहापैकी दहा आले की परीक्षकाला संशय येतो. चाळीस वर्षं परीक्षक असल्याचा हा उपयोग मी केला.

हिवाळ्यात संघाचे पाय पार गळाले. सात सामन्यांत एक बरोबरी, बाकी हार. एकविसाव्या सामन्यात उंच चेंडूवर झेपावताना त्याच्याच गोलकीपरचा गुडघा त्याच्या डोक्यात बसला. तो गवतावर पालथा पडला होता आणि एक हात आपोआप हलत होता. मी घरी टीव्हीपुढे उभाच राहिलो. चौथ्या दिवशी परीक्षा झाली, दहापैकी नऊ. सत्ताविसाव्या सामन्यात पुन्हा. दहापैकी नऊ.

त्यानंतर घरात एकेक गोष्ट दिसायला लागली. उजेड त्याला सोसेना. ताटलीवर चमचा वाजला म्हणून तो सूनबाईच्या अंगावर ओरडला. हा माणूस तिच्याशी कधी चढ्या आवाजात बोलला नव्हता. पुढचा सामना घरचा की बाहेरचा, हे त्याने एकाच जेवणात तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा उत्तर दिलं. थकलाय, असं स्वतःला सांगितलं.

मग एका दुपारी खिडकीतून पाहिलं तर त्याची गाडी दाराशी उभी आणि तो आत बसलेला. तासाभराने पाहिलं तरी तसाच. खाली जाऊन काच वाजवली. त्याने काच उतरवली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "बाबा, मी चाललो होतो की आलो होतो?"

ते सूनबाईने जिन्यातून ऐकलं. त्याला झोपवून आली आणि माझ्यासमोर बसली. तुम्ही रोज त्याच्याकडून काय पाठ करून घेता, ते मला नीट सांगा, म्हणाली. मी सांगितलं. कागद काढून तिच्यापुढे ठेवले. तिने ते सावकाश वाचले.

"म्हणजे बरं असल्याचं सोंग कसं आणायचं, ते शिकवलंत त्याला," ती म्हणाली. "आणि आम्ही घरात हसत होतो."

खेळणं थांबव म्हणून तिने त्याला कितीतरी वेळा सांगून पाहिलं होतं. तो ऐकत नव्हता. हंगाम संपू दे, एवढंच म्हणायचा. आता तुम्हीच काय ते निस्तरा, असं म्हणून ती उठली.

मी निस्तरलं नाही, लगेच तरी नाही. आठवडा, दोन आठवडे, असं करत आणखी पाच सामने जाऊ दिले. तेहतिसाव्या सामन्यात दोघांची डोकी एकमेकांवर आदळली. आवाज टीव्हीवरही ऐकू आला. आता एकच सामना उरला होता. आम्ही सतराव्या जागेवर होतो, आणि तो सामना जिंकला तरच वाचणार होतो. डॉक्टरांची परीक्षा बुधवारी होती.

मंगळवारी मी त्याला टेबलाशी बसवलं. पडदे ओढलेले होते. कागद काढले नाहीत. मनातलेच दहा शब्द सांगितले. टोपी, नदी, कात्री, लिंबू, असेच साधे. म्हण, म्हणालो.

तो म्हणाला, "टोपी. नदी." थोडा थांबला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला आणि तो भराभर म्हणू लागला, "सुई, घोडा, दार, लोणी, ढग..."

शेवटपर्यंत म्हटलं त्याने. एकही चुकला नाही. मग माझ्याकडे बघून विचारलं, "बरोबर?"

मुलांनी उत्तर चुकवलं तर मला कधी भीती वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली.

उद्या मी डॉक्टरांना भेटणार आहे, असं मी त्याला सांगितलं. आधी त्याला ते खरंच वाटेना. मग तो विनवण्या करू लागला. एवढा उंच माणूस माझ्या खुर्चीपाशी खाली बसला होता. संघात त्याच्या जागी घालायला एक विशीतला पोरगा आहे आणि त्याला कॉर्नरवरचा चेंडू कळत नाही, म्हणाला. सगळे मिळून खाली जाऊ आणि ते माझ्यामुळे होईल, म्हणाला. एकच सामना बाबा, नव्वद मिनिटं. मी नकारार्थी मान हलवत राहिलो. शेवटी तो उठला.

"गेलात तर मला वडील नाहीत," तो म्हणाला. "लक्षात ठेवा."

बुधवारी सकाळी मी दोन बस बदलून सरावाच्या मैदानावर गेलो. डॉक्टरांची खोली लहानशी होती. वजनकाटा, बर्फाची पेटी, मलमाचा उग्र वास, आणि जमिनीवर चालण्याच्या परीक्षेसाठी चिकटवलेली पांढरी पट्टी. ती मधोमध पार पुसट झाली होती. मी चारही कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि सगळं सांगितलं.

डॉक्टर कागदांकडे बघून दचकलेही नाहीत. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"पेपर फुटलाय हे मला दोन वर्षं माहीत आहे, मास्तर."

मग बदलला का नाहीत, मी विचारलं. बदलला तर अकरा जण उभे करता येणार नाहीत, असं मला वरून सांगितलं गेलं, ते म्हणाले. आणि मी ऐकलं. मग माझ्याकडे एक कोरा कागद सरकवत म्हणाले, तोंडी सांगितलंत तर इथून बाहेर पडायच्या आत ते विरून जाईल. लेखी द्या. मग मला त्याला थांबवावंच लागेल, आणि मलाही कुणी अडवू शकणार नाही.

मी लिहून दिलं. काय शिकवलं, कधीपासून, एक शब्द सोडायला कुणी सांगितलं, सगळं. खाली सही केली. सुवाच्य.

शेवटच्या दिवशी सगळ्या संघांचे सामने एकाच वेळी सुरू होतात, म्हणजे दुसऱ्याचा निकाल पाहून कुणी आपला खेळ बदलू नये. भर दुपारी आमच्या घरात अंधार केलेला. तो पलंगावर डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडला होता, रेडिओ अगदी बारीक. सूनबाई त्याच्या पायाशी बसली होती आणि मी दाराबाहेर खुर्ची टाकून. आत यायला त्याने मना केलं होतं. सत्तराव्या मिनिटाला आम्ही एका गोलने पुढे होतो. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला त्यांना कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला आणि आमच्या त्या विशीतल्या पोराच्या डोक्यावरून गेला.

"माझा होता तो," आतून आवाज आला.

सामना बरोबरीत सुटला. आम्ही खाली गेलो.

माझं पत्र कसं कोण जाणे बाहेर पडलंच. पेपरवाल्याने माझ्याकडे न बघता पेपर पुढे केला. दाढी करायला गेलो तर न्हावी, माझाच जुना विद्यार्थी, वस्तरा थांबवून म्हणाला, "मास्तर, तुमच्या हातचा मार खाल्लाय, म्हणून गप्प बसतोय." मी हनुवटी वर केली. डॉक्टरांनी नोकरी सोडली, की त्यांना काढलं, ते कळलं नाही. मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की हा आता पुन्हा खेळणार नाही. आणखी एक मार बसला असता तर कदाचित उठलाच नसता. आता किती भरून येईल आणि किती नाही, ते सहा महिन्यांनी बघू.

पण मुलगा माझ्याशी बोलत होता. त्याचं कारण एवढंच की त्याला आठवत नव्हतं. सामन्यानंतरच्या काही दिवसांत हंगामाचे शेवटचे दोन महिने त्याच्या डोक्यातून गळून गेले होते आणि नवीन सांगितलेलंही राहत नव्हतं. दर पाच-सहा दिवसांनी तो चहा घेताना विचारायचा, "बाबा, शेवटच्या सामन्यात मी का नव्हतो?"

डॉक्टरांनी थांबवलं एवढंच सांगा, सूनबाई म्हणाली. खोटं नाहीच ते. एकदा मी तसं सांगून पाहिलं. तो बरं म्हणाला आणि बिस्किट चहात बुडवलं. तो दिवस चांगला गेला. रात्रभर मला मात्र वाटत राहिलं की मी त्याला आणखी एक फुटलेला पेपर दिला. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा खरं सांगितलं. कप तसाच ठेवून तो उठला आणि खोलीचं दार आतून लावून घेतलं. संध्याकाळी बाहेर आला तेव्हा त्याला काही आठवत नव्हतं. माझ्या शेजारी येऊन बसला.

असं दोन महिन्यांत नऊ वेळा झालं. दर वेळी मी पहिल्यापासून सांगायचो. कागद, टेबल, सोडायचा शब्द, पत्र. दर वेळी त्याला ते नव्याने लागायचं. सूनबाई म्हणाली, बाबा, त्याचा नाही तर निदान स्वतःचा तरी विचार करा. पण मला थांबता येईना.

मग एका गुरुवारी त्याने पुन्हा विचारलं. मी सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील, त्याने हात वर करून मला थांबवलं.

"हे तुम्ही मला परवा सांगितलंत," तो म्हणाला. "तुम्ही डॉक्टरकडे गेलात. मी जाऊ नका म्हटलं होतं."

"हो."

"मी खाली बसलो होतो. तुमच्या खुर्चीपाशी."

ते मी त्याला एकदाही सांगितलं नव्हतं. ते त्याचं त्यालाच आठवलं होतं. आनंदाने सूनबाईला हाक मारावी म्हणून मी वळलो, तोवर तो उठून गेला होता.

तेव्हापासून तो सुधारतो आहे. महिने उलटे म्हणतो. बाजारात एकटा जाऊन न चुकता परत येतो. सूनबाई हे मला रोज स्वयंपाकघरात येऊन सांगते, कारण तो मला सांगत नाही. आज अकरावा दिवस. मी खोलीत आलो की तो उठून दुसऱ्या खोलीत जातो. विसरत नाही.