आठ दिवस वापरून पाहा

गिऱ्हाईक काय घेणार हे त्याच्याआधी मला कळतं, असं मी आजही म्हणतो तेव्हा लोक हसतात, हसू देत. एकसष्ट साली भिलाईच्या कारखान्याचे नवे क्वार्टर भरत होते, गावाकडची घरं सोडून आलेल्या बायका कोळशाच्या सिगडीपुढे डोळे चोळत बसत होत्या, आणि दुर्गहून सायकलवर वातीचे स्टोव्ह नेणाऱ्या या दिवाकरने त्यांतल्या एकीलाही कधी ‘घेता का?’ म्हणून विचारलं नाही. स्टोव्ह पेटवून द्यायचा, ‘आठ दिवस वापरून पाहा, पैसे नकोत,’ म्हणायचं आणि सरळ निघून यायचं. नवव्या दिवशी दारात जाऊन ‘न्यायला आलोय’ म्हणत स्टोव्हवर हात ठेवायचा. बस्स! घरात आठ दिवस राहिलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती जाताना माणसाला पाहवत नाही. मी उचलायच्या आत बाई ‘राहू द्या’ म्हणायची.

एकदाच हुकलं. भट्टीवर कामाला असलेल्या केवलरामची बायको शकुबाई, भंडाऱ्याकडची. तिने स्टोव्ह घासूनपुसून दाराशी काढूनच ठेवला होता.

“घेऊन जा भाऊ. चांगला हाय, पन मले नाही पाहिजे.”

“कावून?” मी तिच्याच बोलीत विचारलं. अपमान झाला होता माझा, खोटं कशाला बोलू?

“नाही पाहिजे त नाही पाहिजे.” ती हसली. “तुमी माह्या घरी ठेवून पायलं, आता मी तुमच्या घरी ठेवून पायते. आठ दिवस. पैसे नाही लागत.”

माझाच डाव माझ्यावर! लोणच्याची बरणी असेल, असं समजून मी म्हटलं, “खुशाल आणा.”

रविवारी सकाळी ती दुर्गला आमच्या दारात उभी. सोबत माझ्याच वयाचा, स्वच्छ सदरा घातलेला एक माणूस; केवलराम नव्हे, कुणी अनोळखीच. “हे,” एवढंच म्हणून तिने त्याला ओसरीवर बसवलं आणि ती परत फिरली. मी ओरडणार, तोवर माझ्या बायकोने, मीनलने, त्याच्यासाठी चहाचं आधण ठेवलंसुद्धा. आलेल्या माणसाला हाकलायची आमच्याकडे रीत नाही. शिवाय आठ दिवसांनी त्याला परत करून मी शकुबाईची जिरवणार होतो.

तो फारसा बोलत नसे. दोन वर्षं मी ‘उद्या करतो’ म्हणत होतो ती खिडकीची कडी त्याने दुसऱ्याच दिवशी बसवली. तिसऱ्या दिवशी मी फेरीवरून आलो, तर मीनल त्याला आपल्या आईच्या आजारपणाचं सांगत होती, आणि मला पाहून गप्प झाली. पाचव्या दिवशी शेजारच्या माधवीवहिनींनी त्याला ‘दिवाकरभावजी’ अशी हाक मारली. “अहो, दिवाकर मी!” म्हणालो, तर अनोळखी पुरुषापुढे सावरावा तसा पदर सावरून त्या आत निघून गेल्या. माझं घर माझ्या देखत हातचं चाललं होतं. पण धीर सोडला नाही. मीनल माझी बायको होती, गिऱ्हाईक थोडीच!

नवव्या दिवशी शकुबाई आली. “न्याले आली,” म्हणत तिने त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला.

“राहू द्या,” मीनल म्हणाली. इतक्या पटकन!

शकुबाईने हात काढला आणि माझ्या खांद्यावर ठेवला. “मंग हे नेते. एका घरी दोन कशाले?”

मी मीनलकडे पाहिलं. तिला मी चार वर्षं ओळखत होतो. ती आता काय बोलेल याची मला पक्की खात्री होती.

ओले हात पदराला पुसत ती पुढे आली आणि शकुबाईला आपुलकीने सांगू लागली, “यांना ताक आंबट चालत नाही हं. आणि सकाळी हाक मारावी लागते, नाहीतर झोपूनच राहतात.”