पहिल्या चित्रावरचं बोट

२००९ साली बी.एस्सी. झाल्यावर मी देवासला एका मूत्ररोगतज्ज्ञांकडे कामाला लागलो. टोंकखुर्दकडच्या खेड्यांतल्या बऱ्याच रुग्णांना प्रश्नावली वाचता येत नसे, म्हणून डॉक्टरांनी चित्रांचा तक्ता करून घेतला होता. लघवीच्या धारेची चार चित्रं: पहिल्यात जाड धार, मग बारीक, त्याहून बारीक, चौथ्यात नुसते थेंब. आपली धार जशी असेल त्यावर रुग्णाने बोट ठेवायचं. तिसऱ्या-चौथ्यावर ठेवलं, तर लगेच सोनोग्राफी. कारण लघवी आत तुंबत राहिली, की मूत्रपिंडं कायमची जातात.

भैयासाहेब मूळचे धार गावचे, निवृत्त मुख्याध्यापक. रात्री चार-पाचदा लघवीला उठावं लागतं म्हणून आले होते, सोबत पत्नी लतिकाकाकू. तक्ता पाहून ते हसले.

"अरे भिया, हे अनपढ लोकांसाठी. मला वाचता येतं."

"सगळ्यांना हाच देतो, काका."

"बरं. यातलं बरोबर कुठलं?"

"बरोबर असं नाही. तुमचं असेल ते."

"वा! प्रश्न आहे आणि उत्तर नाही?" म्हणत त्यांनी पहिल्या चित्रावर बोट ठेवलं. काकू तक्त्याकडे बघत होत्या. बोट टेकताच त्या खिडकीकडे बघू लागल्या. डॉक्टरांनी गोळ्या देऊन त्यांना घरी पाठवलं.

दिवाळीनंतर ते परत आले, तेव्हा पाय सुजले होते, जेवण जात नव्हतं. मी तक्ता पुढे केला. बोट पुन्हा पहिल्यावर.

तोच काकूंचा हात पुढे आला. नवऱ्याचं असलं काही परक्यासमोर बोलणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी चौथ्या चित्रावर बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं.

"तुला काय कळतं त्यातलं?" भैयासाहेब ओरडले.

"मोरीतलं ऐकू येतं मला," त्या खाली बघत म्हणाल्या. "वर्ष झालं, ऐकतेय."

सोनोग्राफीत मूत्राशय बेंबीपर्यंत फुगलेलं दिसलं. डॉक्टरांनी नळी घातली. नळीला जोडलेली पिशवी भरली, मी रिकामी केली, ती पुन्हा भरली. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "पहिल्या खेपेला कळतं तर मूत्रपिंडं थोडी तरी वाचली असती. आता इंदूरला, डायलिसिसवर."

भैयासाहेब काकूंना म्हणाले, "लोकांसमोर बोट दाखवलंस."

पिशवी हातात धरायला त्यांनी नकार दिला. काकूंनी ती पदराखाली घेतली. नळी आखूड होती, त्यामुळे टेम्पोपर्यंत दोघांना अगदी लगटून चालावं लागलं. भैयासाहेबांनी तोंड दुसरीकडे फिरवलं होतं.