वाकडं पाणी

बाबा एका छोट्या वीजघरात ऑपरेटर होते. आमचं क्वार्टर वीजघराला लागूनच. तिथलं टर्बाइन सदा गुरगुरायचं, मांडणीवरची भांडी थरथरायची आणि "मीठ दे" एवढं म्हणायलाही आवाज चढवावा लागायचा. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटे, या घरात रोज भांडणं होतात. आता मी शांत इमारतीत राहते, तरी फोनवर बोलले की शेजारचे खिडकीतून डोकावतात.

ते टर्बाइन कधी पुरेशी वीज द्यायचं नाही. बेअरिंगं बदलली, पाती घासली, मेकॅनिकांनी हात टेकले. "वय झालंय, कुरकुरणारच," बाबा म्हणायचे, घरातल्याच कुणाबद्दल बोलावं तसं.

ताई इंजिनिअर झाली आणि सुट्टीत घरी आली. मशीनकडे न जाता ती थेट वर कालव्यावर गेली; मागोमाग बाबा आणि मी. टर्बाइनकडे पाणी नेणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी कालवा एकदम काटकोनात वळायचा. ताईने पाण्यात मूठभर भुसा टाकला. तो एका कडेला लोटला गेला, गरगरला आणि भोवऱ्यातून खाली ओढला गेला.

"बाबा, मशीन धडधाकट आहे. पाणीच त्याच्याकडे वाकडं येतंय. सोबत हवाही ओढतंय."

"म्हणजे इतकी वर्षं मी त्याला उगाच बोल लावले?" बाबांचा चेहरा पडला.

"तुम्ही सांभाळलंत म्हणून तर टिकलं ते."

वरिष्ठांची परवानगी आल्यावर बाबांनी स्वतः फळ्या कापल्या. वळणावर त्या ओळीने उभ्या बसवल्या, तसं पाणी त्यांच्यामधून शिस्तीत वळून पाइपात शिरू लागलं. वीजघरातल्या मीटरचा काटा चढला आणि स्थिर राहिला. गुरगुर जाऊन नुसती बारीक घूंघूं उरली.

"अहो, चहा टाकू का?" आई ओरडली आणि स्वतःच दचकली. आम्ही सगळे हसलो.

दुपारी मात्र बाबांना डुलकी लागेना. बराच वेळ खुर्चीत चुळबुळ करून शेवटी ते ताईला म्हणाले, "एक फळी काढतेस? थोडाच वेळ."

ताई वर जाऊन फळी उपसून आली. जुनी गुरगुर घरात शिरली. बाबा डोळे मिटून ऐकत राहिले.

"बास," ते म्हणाले. "घाल परत. त्याला त्रास होतो."

पुढे कुणी वीजघर बघायला आलं, की बाबा त्याला आधी चढ चढायला लावायचे. पाहुणा धापा टाकत वर पोचला की पाण्याकडे बोट दाखवायचे. "हे आमच्या थोरलीने सरळ केलंय. आता खाली चला, मशीन दाखवतो."