डुफीच्या वेण्या

“हळू गं आफ्रियी! कान आहे तो माझा, बकरीचा नाही,” डुफी कुरकुरली.

“मान हलवू नकोस मग.”

एरवी डुफी घरूनच वेण्या सोडून, डोकं धुऊन यायची. आज नळाला पाणी नव्हतं, म्हणून तशीच डोक्याला फडकं गुंडाळून आली होती. तिच्या कानामागची पहिली वेणी आफ्रियी आत्ता कुठे सोडवत होती.

बान्तामा वस्तीतल्या या रस्त्यावर एके काळी आफ्रियीच्या वेण्यांच्या दुकानाबाहेर बायका बाक भरून बसायच्या. मग एकीची मुलगी घरीच वेण्या घालायला शिकली, दुसरीला डोकेदुखी जडली, तिसरीने केसच कापून टाकले. कारणं सगळी चांगली होती. उरली ती डुफी, आणि दिवसभर चालू असलेला टीव्ही.

टीव्हीवर दवाखान्याची मालिका लागली होती. मोठ्या सर्जनचा उजवा हात थरथरला. त्याने तो कोटाच्या खिशात घातला. नर्सने पाहिलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

“कंपवात,” डुफी म्हणाली. मालिका बघून बघून तिला काविळीपासून फेफऱ्यापर्यंत सगळं ओळखू यायचं. “आणि ही नर्स बघ, दगड मेली! अगं बये, सांग ना त्याला! वेळेवर औषध घेतलं तर माणूस...”

ती एकदम थांबली. मांडीवरचे शेंगदाणे सोलायला लागली.

आफ्रियीची बोटंही थांबली होती. गंगावन ती नेहमी डावीकडून गुंतवायची. हे उजवीकडून गुंतवलं होतं. भांग सुतासारखा सरळ. तिने दुसरी वेणी सोडली, मग तिसरी. सगळ्या तशाच.

म्हणजे डुफीने इथे अर्धा दिवस बसायचं, आणि नंतर दुसरीकडे जाऊन तेवढाच वेळ पुन्हा बसायचं.

पडद्यावरची नर्स काही न बोलता निघून गेली.

“गेली बघ,” डुफी पुटपुटली. आवाजात जोर नव्हता.

आफ्रियीने टीव्ही बंद केला. पुढे येऊन ती रिकाम्या स्टुलावर बसली आणि आपला उजवा हात डुफीच्या मांडीवर ठेवला. तिथेही तो स्वस्थ राहिना. शेंगदाण्यांची टरफलं हलत राहिली.

“कुणाकडे घालून घेतेस?”

डुफीने आपल्या दोन्ही हातांनी तो हात धरला.

“कापतो गं तुझा हात,” ती म्हणाली. “केव्हाचा कापतोय.”