श्यामरावाने मागवलेलं मोठं कडं

श्यामरावाने आमची जमीन एकदम घेतली नाही. एकदम घेतली असती तर गावाला दिसली असती. तो दरवर्षी नांगरणीला दोन शेतांमधल्या धुऱ्यात फाळ घालायचा आणि धुरा थोडा आमच्याकडे सरकवायचा. शेजाऱ्याचा बांध कोरणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण हा माणूस कोरून वर मलाच म्हणायचा, "वहिनी, तुमचा धुरा खचून राहिला, पाहा बरं."

एवढ्याशा मातीचं काय घेऊन बसलीस, असं मला माहेरचेही म्हणायचे. अरे, माती गेली असती तर मी एकदा रडून गप्प बसले असते. त्या मातीबरोबर आमच्या पाटाचं तोंड त्याच्या शेतात गेलं! तलावाचं पाणी आधी त्याच्या धानात, मग त्याची मर्जी झाली तर आमच्याकडे. ऐन रोवणीत आमची रोपं पिवळी पडायची आणि मी त्याच्या दारात उभी राहून पाणी मागायची. आमचंच पाणी, आणि मागायचं मी.

आमचे हे, केवळराम, देवमाणूस. देवमाणूस म्हणजे ज्याला कोणीही लुटावं असा. "जाऊ दे ना व मंदा, शेजार आहे," एवढंच त्यांचं म्हणणं. शेजार होता म्हणूनच तर शेत खाल्लं ना त्याने? दूरच्याने कसं खाल्लं असतं?

माझे सासरे तुलाराम जायच्या आधी मला जवळ बसवून सांगून गेले होते. नवऱ्याला नाही, मला. त्यांच्या वडिलांनी आणि श्यामरावाच्या आज्याने मिळून ती हद्द ठरवली होती. तेव्हा आमच्याकडे रीत होती की हद्दीखाली साक्ष पुरायची. नांगर पोचणार नाही असा दीड हात खड्डा, त्यात दोन्ही घरचा एकेक जुना फाळ आणि टोपलीभर कोळसा, कारण कोळसा मातीत सडत नाही. त्यावर मोठी लोखंडी कढई पालथी घालायची. पुढे नातवंडं भांडली तर उकरून पाहावं. जागेची खूण म्हणजे मोहाचं झाड. श्यामरावाने ते झाड तोडलं, आणि पुढल्या वर्षी त्याचं खोडसुद्धा मुळासकट उपटून काढलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

मी पंचांकडे गेले. भैय्यालालजी म्हणजे गावचे मोठे पंच. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मंदाबाई, एका कढईसाठी का अख्खी धानाची बांधी खोदाची?" सगळे हसले. मोजणीचा माणूस आला तो श्यामरावाकडे कोंबडी जेवला आणि नव्या धुऱ्यापासून टेप धरून गेला. एकदा मीच कुदळ घेऊन उतरले, तर श्यामरावाने गावभर केलं की केवळरामच्या बायकोचं डोकं फिरलं, लोकाची शेतं खोदून राहिली. बळी तो कान पिळी. मी म्हटलं, ठीक आहे, मी ओरडत राहीन. आणि दर रोवणीला त्या धुऱ्यावर उभी राहून मी ओरडले.

हे सगळं एक्याऐंशी-ब्याऐंशीच्या आसपासचं. आंबागडचा किल्ला आमच्या डोक्यावरच आहे, आणि किल्ल्याच्या गावात सोन्याच्या हंड्यांच्या गोष्टींना तोटा नसतो. श्यामरावाला कोणीतरी सांगितलं की तुझ्या शेतात हंडा आहे. एवढं आमचं पाणी पिऊन त्याची तहान भागली नव्हती, आता त्याला सोनं हवं होतं.

त्याने तुमसरहून मधुकररावाला आणलं. मधुकरराव रेडिओ दुरुस्त करायचा. त्याने स्वतःच एक मशीन बनवलं होतं. लांब दांडा, वर सेल घातलेलं खोकं, खाली ताटलीएवढं कडं, त्याला तांब्याची तार गुंडाळलेली. खोकं सारखं शिटी वाजवायचं आणि खाली कुठलाही धातू आला की शिटीचा सूर बदलायचा. दिवसभर फिरून त्यांना काय मिळालं? खिळे, बैलाची नाल, मोडका विळा आणि मेलेल्या सेलची एक टोपी. मी आमच्या बाजूला, धानानंतर डाळीसाठी पेरलेली लाखोळी उपटत होते. हसू आवरेना मला.

श्यामराव तणतणला, "हे का दाखवाले आणलं गा तुले?"

मधुकरराव म्हणाला, "भाऊ, ही कॉइल लहान आहे. वीतभर खोलच पाहते. खाली दडलेलं मोठं काही पाहाचं तर मोठी कॉइल लावा लागते. पण मग खिळे-बिळे तिले समजत नाही, सांगून ठेवतो."

"खिळे कोणाले पायजेत? मोठी लाव."

पुढच्या आठवड्यात तो मोठं कडं घेऊन आला. परातीएवढं! प्लायवूडच्या चकतीवर तार गुंडाळलेली, आणि वजन इतकं की पट्टा खांद्यात अडकवून मशीन पेलायचं. हंड्याची बातमी फुटली होती, त्यामुळे अर्धा गाव धुऱ्यावर जमला. भैय्यालालजी आले. श्यामरावाची म्हातारी आई देवकाबाई काठी टेकत आली. मधुकररावाने सगळ्यांना लोखंड, दागिने दूर ठेवायला लावले. श्यामराव माझ्याकडे पाहून म्हणाला, "वहिनी, तुमचे जोडवे काढा जी."

"माहे जोडवे माह्या शेतात आहेत," मी म्हटलं. "तुमच्या मशीनले म्हणा, तिकडंच राहा."

मोठं कडं हळूहळू फिरत होतं. मधुकरराव घामाघूम झाला. खिळ्यांवर खरंच शिटी हलेना. पण मोहाचं झाड होतं त्या बाजूला तो पोचला, आणि शिटीचा सूर असा काही चढला की कुत्री भुंकायला लागली. तो पुढे गेला, मागे आला, आडवा गेला. त्याच जागी पुन्हा तेच.

श्यामरावाने कुदळ कोणाच्या हातात दिली नाही. सोनं ना! सोन्यापुढे त्याला माझी कढईही आठवली नाही. स्वतःच खोदलं. मांडीइतका खड्डा झाला आणि कुदळ खण्णकन वाजली. "हंड्याचं बूड लागलं!" तो ओरडला आणि दोन्ही हातांनी माती उपसायला लागला. काठ मोकळा झाला, तशी त्याने ती वस्तू जोर लावून उलटवली.

पालथी कढई. खाली कोळसा, काळाकुळकुळीत. कोळशात दोन गंजके फाळ.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. आणि त्या खड्ड्यापासून त्याचा नवा धुरा किती लांब होता म्हणता? मध्ये दोन बैलगाड्या उभ्या राहिल्या असत्या! इतकं खाल्लं होतं त्याने.

"भंगार आहे जुनं," श्यामराव पुटपुटला आणि माती आत लोटायला लागला. मी लाखोळीची पेंढी फेकली, धुरा ओलांडला आणि सरळ खड्ड्यात उतरून उभी राहिले.

"टाक माती. माह्या अंगावर टाक. पाहू दे गावाले."

भैय्यालालजी खाकरले. "मंदाबाई, फाळ तर कोणाचेही असू शकतात. हे तुमचेच, कशावरून म्हणता?"

एवढं होऊनही कशावरून! मी तोंड उघडणार तोच देवकाबाई खड्ड्याच्या काठावर बसली आणि तिने हात पुढे केला. मी एक फाळ तिच्या हातात दिला. तिने तो मांडीवर ठेवला, तुटक्या टोकावरून बोट फिरवलं.

"हा आमच्या घरचा," ती म्हणाली. "माह्या सासऱ्यानं गोट्यावर मोडला होता. मी नवी नवरी होती तवा. हा कोळसा मीच टोपलीत आणला."

"माय, तुले काय समजते? चूप बस," श्यामराव गुरकावला.

"कोळसा माह्या हातचा आहे रे, श्याम."

आता पंचांना बोलावंच लागलं. हद्द इथंच, पाटाचं तोंड केवळरामचं, असं भैय्यालालजींनी सांगून टाकलं. मग काय झालं असेल? गावाने माझ्याकडे पाहिलं का? नाही. सगळे मशीनभोवती जमले. मशीनने न्याय केला म्हणे! एकजण म्हणाला, नारळ फोडा मशीनपुढे.

माझ्या अंगाची आग आग झाली. "नारळ? मशीनले? मी इतली वर्षं याच धुऱ्यावर बोंबलून राहिली होती, तवा तुमच्या कानात काय बोळे होते? बाई ओरडली तर डोकं फिरलं म्हणता, आन् चार सेलाचं खोकं ओरडलं तर अख्खा गाव धावत येते!"

आमचे हे मागून माझा पदर ओढायला लागले. "पदर सोडा," मी म्हटलं, आणि त्यांनी सोडला. मधुकरराव खाली मान घालून तार गुंडाळत राहिला. त्या बिचाऱ्यावर माझा राग नव्हता.

राग देवकाबाईवर होता. लोक पांगल्यावर मी तिला विचारलं, "काकी, तुम्हाले सगळं माहीत होतं. मग इतले दिवस काहून बोलल्या नाही?"

"श्यामच्या घरी जेवते मी, पोरी," ती म्हणाली. "माह्या एकटीचं कोणी ऐकलं नसतं, आन् जेवण मात्र गेलं असतं. आज कढई निंगली, म्हणून बोलली."

मी लाखोळीची पेंढी उचलली आणि घराकडे निघाले. थांबले असते तर वाईट बोलले असते.

जुन्या जागी धुरा घालून झाला त्या दुपारी शेजारची बेबीबाई धापा टाकत आली. देवकाबाई कालपासून श्यामरावाच्या ओट्यावर बसून आहे म्हणाली. ताट दिलं नाही. मागितलं तर श्यामराव म्हणाला, "कोळसा खा. तुह्या हातचाच आहे ना?"

मी तशीच उठले. श्यामरावाच्या घरासमोरच भैय्यालालजींचं घर. ते ओट्यावर पान लावत बसले होते.

"भैय्यालालजी, म्हातारी उपाशी बसून आहे, दिसते का तुम्हाले?"

"तो त्यांच्या घरचा मामला आहे, मंदाबाई," ते म्हणाले आणि चुन्याची डबी उघडली. परवा न्याय करणारा हा माणूस! गल्लीतली बाकीची दारंही मला पाहून लोटली गेली.

श्यामराव बाहेर आला. "जमीन नेली वहिनी, आता म्हातारी बी नेता का?"

"हो, नेते."

मी देवकाबाईचा हात धरून तिला उठवलं. ती म्हणत होती, "मंदे, लोक काय म्हणतीन?" मी म्हटलं, म्हणू द्या, लोकांनी आजवर दुसरं केलं काय! घरी आलो तर ह्यांनी, कोणी न सांगता, पाट मांडून पाणी ठेवलं होतं. 'जाऊ दे' म्हणाले नाहीत. मी भात आणि लाखोळीचं वरण वाढलं. म्हातारी खाली मान घालून भराभर जेवायला लागली, आणि तिला तसं जेवताना पाहून मला पुन्हा इतका संताप आला की राहवेना.

"आधीच बोलाचं होतं ना, काकी! माह्या घरी का भात शिजत नव्हता?"

तिने ताट थोडं पुढे सरकवलं, आणि मी आणखी भात वाढला.